भद्रावतीच्या पुढे

भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी आपल्यापैकी अनेक कुटुंबे जातात, क्वचित ताडोबा पाहतात आणि परततात. तेथून चंद्रपूर, मूल, सावली मागे टाकून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. नोकरीनिमित्त मी तेथे राहिलो, म्हणून ही अल्पशी ओळख.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. त्यातील सुमारे तीन चतुर्थांश भाग वनांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आतच होती. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. मराठीबरोबर गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी आणि निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांची बंगाली, इतक्या भाषा येथे नांदतात. उत्तरेकडील धानाची शेती सोडली तर बहुतेकांचा निर्वाह मोहफूल, तेंदूपत्ता व बांबू यांवर.

बँकेने माझी तेथे बदली केली तेव्हा ती रद्द व्हावी म्हणून मी बरीच खटपट केली होती. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एका माडिया वृद्धाला मी सवयीने म्हणालो, “वेळ संपली, उद्या या.” सकाळी शाखा उघडताना तो व्हरांड्यातच निजलेला दिसला. शिपाई म्हणाला, “साहेब, याचं गाव दिवसभराच्या वाटेवर आहे. परत जाऊन येणार कधी?” जिल्हा मुख्यालयापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटर आहे, हे मला पाठ होते, त्या अंतराचा अर्थ त्या सकाळी कळला. त्यानंतर ते दोन शब्द मी काउंटरवर उच्चारले नाहीत.

आपण व्यापारी माणसे; माल कोणाचा, हे प्रथम विचारतो. या वनांतील मालाविषयी तो प्रश्न दीर्घकाळ कोणी विचारलाच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या छोट्या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून तेथील ग्रामसभा आपला बांबू स्वतः विकू लागली. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलावही स्वतःच करू लागल्या. ज्यांना आपण केवळ मजूर समजत होतो, ते आता विक्रेते म्हणून समोर बसतात, भाव विचारतात, हिशेब मागतात. चोख व्यवहाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजाने या बदलाचे स्वागत करावयास हवे.

पुढील यात्रेत एक दिवस अधिक काढावा. वैनगंगेकाठचा मार्कंड्याचा प्राचीन मंदिरसमूह पाहावा, हेमलकशाचा १९७३ पासून चालत आलेला लोकबिरादरी प्रकल्प पाहावा. हेमलकसा दूर आहे, तेव्हा सकाळी लवकर निघावे.