पाणी कुठं मुरतंय?

बीडचा माणूस यॉटवर लिहितोय म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते माझ्या चांगलं ओळखीचं आहे. ऑफिसात, सोसायटीत, सासुरवाडीला, सगळीकडे मी ते पाहिलंय. आमच्या गावापासून मुंबईचा समुद्र चारशे किलोमीटर लांब. रेल्वेसुद्धा आमच्याकडे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरहून. बिंदुसरा धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की गाव सहकुटुंब बघायला जातं, आणि माजलगाव धरणात किती टक्के साठा आहे हे शाळकरी पोरगंही सांगू शकतं. पाण्याशी आमचं नातं हे असं, मोजूनमापून.

तरीही गेली सहा वर्षं एका बोटीत माझा चौथा हिस्सा आहे. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) एकत्र इंजिनीअरिंग केलेले आम्ही चौघं. नोकऱ्या मुंबई, ठाणे, नवी मुंबईत. बोट २८ फुटी, उघडी स्पीडबोट. गेटवेहून सुटायचं, मांडव्याला मासे खायचे, संध्याकाळी परत. बॅचलर होतो तोवर फुल टू धमाल. मग लग्नं झाली, पोरं झाली आणि बोटीत टॉयलेट नाही, सावली नाही, या दोन गोष्टींनी घरोघरी व्हेटो वापरला. तेव्हा ठरलं : मोठी घ्यायची. अर्थातच सेकंड हँड. नवीच्या किमती ऐकून आम्ही चहा मागवला आणि विषय बदलला. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून यॉटवरचा जीएसटी थेट ४० टक्के झालाय. प्लॅन असा, की शनिवार-रविवार आपला आणि मधल्या दिवसांत रीतसर परवाना घेऊन चार्टरला द्यायची. बाकी बँकेचं लोन.

आणि मोठी म्हटलं की पहिला शब्द येतो, फ्लायब्रिज.

फ्लायब्रिज म्हणजे केबिनच्या छपरावरची गच्ची. तिथं बसायला सोफा, एखादं टेबल आणि दुसरं सुकाणू. खाली काचेआड बसून बोट चालवा किंवा वर उघड्या हवेत. जाहिरातींत तिथं नेहमी पांढऱ्या कपड्यांतली माणसं असतात. पण खरा फायदा फोटोचा नाही, नजरेचा आहे. उंचावरून मासेमारीची जाळी, त्यांचे बोये, तरंगणारे ओंडके लांबूनच दिसतात. आपल्या किनाऱ्यावर ही चैन नव्हे, गरज आहे. धक्क्याला लागतानाही पुढचं टोक नीट दिसतं.

आता दुसरी बाजू. तुम्ही उसाची ट्रॉली पाहिली असेल, वर उंच चढवलेली. वळणावर ती कशी झुलते? तसंच. जेवढं वजन वर, तेवढं डोलणं जास्त. फ्लायब्रिजवर दहा माणसं चढली आणि बोट नांगरावर उभी असली की आडव्या लाटेला ती चांगलीच हेलकावते. वर बसलेल्याला ते खालच्यापेक्षा जास्त जाणवतं. वारा लागायलाही उंच भिंत मिळते, म्हणजे धक्क्याजवळ बोट बाजूला ढकलली जाते. आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता मुंबईच्या समुद्रात त्या गच्चीवर छताशिवाय पाच मिनिटं बसून दाखवा, बॉस, मी तुम्हाला पार्टी देतो.

आमचा तांडेल रायगडचा. बोटी पाहायला निघालो तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘साहेब, लांबी बघू नका, खर्च बघा.’ गंमत वाटली होती, पण गणित करून बसलो तेव्हा टेन्शन आलं. २८ ची ४२ फूट म्हणजे लांबी दीडपट. पण बोट लांबीबरोबर रुंदी आणि उंचीतही वाढते. दीड गुणिले दीड गुणिले दीड. आकारमान तिपटीहून जास्त! इंजिनं, रंग, बॅटऱ्या, ती उचलायची क्रेन, सगळं त्याच हिशेबाने. ४०० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं पूर्ण ताकदीने चालवली तर तासाला १६० लिटरच्या आसपास पितात. जरा दमाने, २० नॉट्सच्या वेगाने गेलात तरी शंभरेक लिटर धरा. म्हणजे मांडव्याला एकदा जायचं तर पन्नासेक लिटर डिझेल, आणि परत तर यायचंच असतं.

जगभरचे बोटवाले एक ठोकताळा सांगतात : दरवर्षी किमतीच्या दहा टक्के देखभालीला बाजूला काढा. सेकंड हँडवाले इथे एक सोयीस्कर घोळ घालतात. दहा टक्के आपण दिलेल्या किमतीचे धरतात. पण तुम्ही बोट अर्ध्या भावात घेतली, हे इंजिनाला थोडंच माहीत असतं? पार्ट नव्या बोटीच्याच भावाने येतात. शिवाय पावसाळ्यात जून ते ऑगस्ट बोट जवळपास बंद. तांडेल आणि खलाशाचा पगार मात्र बाराही महिने चालू, आणि तो असायलाच हवा.

चार महिने फिरून शेवटी दोन बोटी उरल्या. पहिली ४८ फुटी, बारा वर्षांची. आत नवं कोरं लेदर, छताला नवं पॅनेलिंग, फ्लायब्रिजवर ग्रिल, फ्रिज, मोठा सनबेड. एकदम सॉल्लिड. दुसरी ४२ फुटी, पंधरा वर्षांची. पडदे विटलेले, फ्लायब्रिज छोटा, गाद्यांना रफू. सहा फुटांचाच फरक, पण मघाचंच गणित लावा : आकारमान जवळजवळ दीडपट. किमतीतला माझ्या वाट्याला येणारा फरक मात्र एका विशिष्ट रकमेइतका होता.

ती रक्कम म्हणजे अण्णांची एफडी. महामार्गात आमचा जमिनीचा एक तुकडा गेला, त्याचा मोबदला. अण्णांनी तो बँकेत ठेवला आणि हातही लावला नाही. मी बोट बघतोय हे कळल्यावर फोनवर म्हणाले, ‘ठिवून काय करायचेत आता? लागतेत तर घे तू.’ असं सहज. ज्या माणसाने आयुष्यभर टँकरच्या रांगेत हंडे मोजले, तो पोराच्या बोटीसाठी जमिनीचे पैसे द्यायला निघाला होता. रात्री झोप लागली नाही, हे वेगळं सांगायला नको.

नातवाच्या वाढदिवसाला अण्णा मुंबईत आले, तेव्हा त्यांना घेऊनच यार्डात गेलो. अण्णांनी उभ्या हयातीत समुद्र तीनदा पाहिला असेल. पण जुनं ट्रॅक्टर, जुनी मोटर, बाजारातला बैल यांची पारख गावात त्यांच्याकडूनच करून घेतात. त्यांनी पहिल्या बोटीच्या लेदरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. इंजिनरूममध्ये वाकले, इंजिनावर तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘तापलंय की. आपुन यायच्या आधीच चालू करून ठिवलं काय?’

आमचा सर्व्हेअर हसला. त्याचाही पहिला नियम हाच : इंजिन थंड असतानाच चालू करून बघायचं. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं, ते गरम झाल्यावर बोलत नाही. निळसर धूर निघाला तर ते ऑइल जाळतंय, काळा निघाला तर लोड जास्त किंवा हवा कमी, पांढरा विरतच नसेल तर डिझेल नीट जळत नाहीये. मग समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटल द्यायचा. कंपनीने सांगितलेले आरपीएम गाठले नाहीत, तर पंखा, बूड किंवा इंजिन यांपैकी काहीतरी दमलंय. ऑइलचा नमुना लॅबला पाठवायचा. त्यात धातूचे कण किती, यावरून आतली झीज कळते.

पहिल्या बोटीचं मीटर सांगत होतं, बारा वर्षांत २६० तास. ‘बघा, वापरलीच नाही!’ विकणाऱ्याचा एजंट खुशीत. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘दावणीला बसून ऱ्हायलेला बैल नांगराला कामाचा नसतो रे.’ समुद्रावरच्या डिझेल इंजिनाचं अगदी हेच असतं. खाऱ्या हवेत उभं राहिलं की ते गंजतं. दुसरीचे तास होते १४००, पण सोबत जाड वही. प्रत्येक ऑइल चेंज, प्रत्येक इम्पेलर, झिंकचे तुकडे कधी बदलले, सगळं तारीखवार.

आणि मग अण्णांनी तो प्रश्न विचारला, जो मराठीत आपण भलत्याच अर्थाने विचारतो. ‘हिचं पाणी कुठं मुरतंय, ते बघितलंय का?’

आमच्या भागात पाणी मुरावं म्हणून गावंच्या गावं राबतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आम्ही शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. बोटीत बरोबर उलटं. फायबरच्या थराआड पाणी मुरलं की बुडाला फोड येतात. आणि फ्लायब्रिजच्या बोटीत सगळ्यात लबाड पाणी खालून नाही, वरून मुरतं. गच्चीच्या फायबरमध्ये आत बऱ्याचदा हलक्या लाकडाचा थर असतो. नंतर कुणी तिथं ग्रिल बसवतं, छत लावतं, भोकं पाडतं आणि ती नीट सील करत नाही. पावसाचं पाणी त्या स्क्रूवाटे आत उतरतं. लाकूड कुजतं आणि खाली सलूनच्या छताला डाग पडतात. डाग झाकायचे तर नवं पॅनेलिंग टाकायचं.

सर्व्हेअरने वर जाऊन छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने ठोकायला सुरुवात केली. टक, टक, टक. ग्रिलजवळ गेला आणि आवाज बदलला. थप, थप. ओल मोजायच्या यंत्राचा काटाही तिथेच चढला. सनबेडच्या कडेलाही तेच. म्हणजे ज्या ज्या गोष्टींमुळे ती बोट आम्हाला आवडली होती, नेमकी तिथंच ती कुजत होती.

दुसरीलाही दोष निघाले. एक्झॉस्टचं एक कोपर गंजलेलं, दोन व्हॉल्व्ह घट्ट बसलेले, जनरेटर कटकट्या. पण हे दोष दिसणारे, मोजता येणारे, किमतीतून वजा करता येणारे. कागद स्वच्छ होते : विक्रीची पावती, नोंदणी, आणि बोट परदेशातून आणलेली असल्याने कस्टम्स ड्युटी भरल्याचा पुरावा. हा शेवटचा कागद नसेल तर कितीही स्वस्त असू दे, तिथून काढता पाय घ्या.

तरी चौघांत वाजलंच. एक मित्र म्हणाला, ‘अरे यार, गच्ची दुरुस्त करून घेऊ! चार्टरवाल्यांना मोठीच लागते. आणि तुझ्या बाबांची एफडी आहे ना, मग प्रॉब्लेम काय?’

प्रॉब्लेम तोच होता. चार्टर चाललं नाही, तर लोनचे हप्ते पगारातून भरता येतील, असं माझं गणित ४२ फुटाला बसत होतं. ४८ ला बसत नव्हतं. ते बसवायला अण्णांची जमीन मधे टाकावी लागत होती. ज्या वस्तूचा खर्च दरवर्षी वाढतो आणि किंमत दरवर्षी घटते, तिच्यात जमिनीचे पैसे टाकायचे नाहीत, हे कळायला एमबीए लागत नाही. मी ‘नाही’ म्हणालो. मत घेतलं, तीन विरुद्ध एक. तो मित्र व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजूनही ४८ फुटीचे फोटो टाकतो. टाकू दे.

तुम्हीही कधी गच्चीवाली बोट बघायला गेलात, तर माझ्याकडून एवढंच घ्या. वर किती माणसं बसतील, हे शेवटी विचारा. आधी रविवारी खरंच किती येतात ते मोजा, वही मागा, इंजिनावर हात ठेवा आणि नवं लेदर दिसलं की त्यामागे काय आहे ते विचारा. सर्व्हेअर तुमचा असावा, विकणाऱ्याचा नाही. त्याची फी जीवावर येते, पण आम्हाला ती कितीतरी पटींनी परत मिळाली.

एफडी नको, असं अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. वाईट वाटलं की बरं वाटलं, काही कळेना. मग म्हणाले, ‘बरं. मग शेततळं घेतो करून. अस्तर चांगलं टाकावं लागंल, न्हाईतर पाणी मुरतंय.’