परक्या अंगणातला सोनटक्का

इंग्लंडमध्ये कुणाच्या घरी न कळवता जायची पद्धत नाही. शेजारणीकडे जायचं तरी आधी मेसेज टाकायचा. अशा देशात वर्षातले काही शनिवार-रविवार लोक फाटकावर पिवळी पाटी लावतात, काही पौंड घेतात आणि अनोळखी माणसांना आपल्या बागेत मनसोक्त हिंडू देतात. वर चहा आणि घरचा केकही विकतात.

याची सुरुवात १९२७ची. तेव्हा सरकारी आरोग्यसेवा नव्हती. घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सेसचा खर्च देणग्यांवर चालायचा. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी सुचवलं, की बागवाल्यांनी माणशी एक शिलिंग घेऊन बाग दाखवावी. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांहून जास्त रक्कम जमली. नॅशनल गार्डन स्कीम आजही चालू आहे. पैसे मॅकमिलन, मेरी क्युरी अशा संस्थांकडे जातात. म्हणजे डेलिया बघायला दिलेल्या पैशातून कुणा कॅन्सरच्या पेशंटच्या उशाशी नर्स बसते.

बहुतेक जण जूनमध्ये गुलाब बघायला जातात. मला ऑक्टोबर आवडतो. झाडांना कळलेलं असतं की आता थोडेच दिवस उरलेत. दंवाच्या एका रात्रीत डेलिया काळा पडतो, त्याआधी तो वेड्यासारखा फुलतो. आपल्याकडे दसऱ्याच्या झेंडूचे ढीग लागतात, त्याच सुमारास इथे रोपांच्या जत्रा भरतात.

त्यातली ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टरची जत्रा मी पाहिली. घराचा विस्तार एडविन लट्यन्सनं केलेला. हो, नवी दिल्लीवालाच. त्यानं जुन्या गोठ्याच्या आवारात गुलाबबाग आखली होती. घरमालक ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३मध्ये, वयाच्या सत्तरीत, ते गुलाब उपटून तिथे उष्ण कटिबंधातल्यासारखी बाग केली. जुन्या मंडळींना ते अजिबात रुचलं नाही. मी मात्र आत शिरले आणि थबकले. कर्दळ, केळी, हातभर पानं! आपल्याकडे मोरीच्या पाण्यावर वाढणारी कर्दळ इथे राणीसारखी उभी होती.

बाहेर स्टॉलवर एका कुंडीवर ‘जिंजर लिली’ अशी चिठ्ठी दिसली. पान ओळखीचं वाटलं. सोनटक्का! म्हणजे त्याचा थंडी सोसणारा भाऊबंद. तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

“अगं, सोनटक्का पैसे देऊन घेतेयस? आपल्या विहिरीपाशी माजलाय नुसता.”

“आई, इथे विहीर नाहीये.”

“मग घे बाई.”

शेजारी ट्यूलिपचे कंद होते. स्टॉलवाले आजोबा म्हणाले, नोव्हेंबरमध्ये लावा. थंडीचे काही आठवडे अंगावर काढल्याशिवाय ट्यूलिप नीट फुलत नाही. मग एप्रिलमध्ये बघा.

माझा व्हिसा मार्चमध्ये संपत होता. कंपनी तो वाढवणार की नाही, ते नवीन वर्षाशिवाय कळणार नव्हतं. इथे माणसं कंद विकत घेतात तेव्हा पुढचा वसंत सहज गृहीत धरतात. मला तो धरता येत नव्हता.

“बाग केवढी आहे तुमची?” त्यांनी विचारलं.

“भाड्याचं घर आहे. खणायला परवानगी नाही.”

“मग कुंडीत लावा. घर बदललं तर कुंडी तुमच्याबरोबर येईल.”

कुंडी विमानात येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. दहा कंद आणि सोनटक्का घेतला. अशा जत्रांमध्ये रोपांचं पाळणाघर असतं. घेतलेली रोपं तिथे ठेवून, टोकन घेऊन पुन्हा हिंडायचं. माझी पिशवी इतरांच्या पिशव्यांच्या रांगेत ठेवताना मीही इथलीच असल्यासारखं वाटलं, तासाभरापुरतं.

नोव्हेंबरमध्ये कंद लावले. सोनटक्क्याची कुंडी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या पोर्चमध्ये ठेवली, थंडी लागू नये म्हणून. मी नसले तर पाणी घालाल का, असं विचारलं. त्यांनी आधी मी कुठे जातेय ते विचारलं नाही, रोपाचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं, चष्मा लावला आणि आईस्क्रीमच्या काडीवर त्यांच्या स्पेलिंगमध्ये लिहून मातीत खोचलं.