अळणी पेज

आमच्या काशीदला दारात उभं राहिलं की सुरूच्या बनापलीकडे समुद्र. वाऱ्याला मीठ, वाळत घातलेल्या कपड्यांना मीठ, खिडकीचे गज मिठाने खाल्लेले. अशा गावात आमच्या बाबांच्या रक्तातलं मीठ कमी झालं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना.

बाबांना पहाटे लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. अलिबागला नऊ दिवस ठेवलं. घरी सोडताना ब्लडप्रेशरची नवी गोळी दिली आणि मीठ कमी करा म्हणून बजावलं. आम्ही कमी नाही, बंदच केलं. अळणी पेज, अळणी भाजी. सुकट, बोंबील, पापड, लोणचं, सगळं बंद. बाबा तोंड फिरवायचे, मी दटावायची. भेटायला येणारा जो तो सांगून जाई, पाणी भरपूर पाजा, शहाळं द्या. मीही तांब्यावर तांब्या पाजत होते.

सहाव्या दिवसापासून बाबा सारखे झोपू लागले. उठवलं की मळमळ. एका संध्याकाळी त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. आत्याला जाऊन बारा वर्षं झाली! शेजारची बाई म्हणाली, "बाहेरचं असेल, अंगारा लाव." अंगारे-धुपारे आमच्या आजोबांनी 1956 सालीच घराबाहेर काढले होते. पण माझं शहाणपण तरी कुठे होतं? अशक्तपणा आहे म्हणून मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या रात्री हातपाय झटकायला लागले, तेव्हा गाडी केली आणि साळावचा पूल ओलांडून अलिबाग गाठलं.

आम्हाला वाटलं दुसरा झटका. पण डोक्याच्या स्कॅनमध्ये नवं काही नव्हतं. रक्तात सोडियम 116 निघालं. ते 135 ते 145 असावं लागतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूला मार बसला की कधीकधी शरीर पाणी बाहेर सोडायचं विसरतं. पाणी साठतं आणि मीठ पातळ होतं. त्यात बाबांची ती गोळी लघवीवाटे मीठ काढणारी. अळणी खाण्याने आणि माझ्या तांब्यांनी भर घातली. काही रोग्यांत उलटं असतं, मूत्रपिंडच मीठ गळू देतं, मग उपचारही उलटा. ते लघवी-रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

भाऊ म्हणाला, "मग मिठाचं पाणीच पाजतो की!" डॉक्टर एकदम कडक झाले. फार दिवस कमी राहिलेलं सोडियम भराभर वाढवलं तर मेंदूलाच कायमची इजा होते. दिवसाला आठ-दहाच्या वर चढू द्यायचं नाही. म्हणून सलाईन थेंबथेंब, आणि दर काही तासांनी नर्सताई रक्त काढायला हजर. चौथ्या दिवशी बाबांनी डोळे उघडून विचारलं, "भरती आली काय?"

ती गोळी बदलली. आता उशाशी एक लिटरची बाटली असते. चहा, पेज, औषधाचं पाणी, सगळं डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. मीठही मोजून, पण आहे. घरी आल्यावर आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, 136 आलं. तो कागद मी बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवलाय.

काल बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि पाणी मागितलं. मी आधी बाटलीकडे पाहिलं.