वळिवडे : दोन विस्थापनांचे गाव

कुंभोज-बाहुबलीची यात्रा आटोपून हातकणंगल्याहून आगगाडीने कोल्हापूरकडे निघालेल्या यात्रेकरूला रुकडी मागे पडल्यावर पंचगंगेचे पात्र लागते. पूल ओलांडला की वळिवड्याचे लहानसे स्थानक येते. कोल्हापूर जवळ आल्याने बहुतेकांचे लक्ष तोवर सामान आवरण्याकडे गेलेले असते, आणि त्यामुळे या स्थानकाकडे फारसे कोणी पाहत नाही. मात्र ज्या परिसरात आज कापडाच्या गाठी उतरतात, तेथेच १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलंडमधील सुमारे ५ हजार निर्वासित राहत होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती.

त्यांचा येथवरचा मार्ग सरळ नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. पूर्व पोलंड रशियाच्या ताब्यात गेल्यावर, १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत, घराघरांतून माणसे उठवून मालगाडीच्या डब्यांत भरण्यात आली. माजी सैनिकांना वसवलेल्या शेतजमिनींवरील कुटुंबे आणि वनरक्षकांची कुटुंबे पहिल्या फेरीत निघाली. पुढच्या फेऱ्यांत इतर अनेक गेले. सायबेरियाची अरण्ये आणि कझाकस्तानची माळराने हे त्यांचे नवे ठिकाण ठरले. श्रम अपार, अन्न अपुरे. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला पोलंडशी करार करावा लागला आणि या बंदिवानांची सुटका झाली. १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक इराणच्या किनाऱ्यावर उतरले. पुरुष सैन्यात गेले. उरलेल्यांना कोणी ठेवून घ्यायचे, हा प्रश्न होता.

काही आफ्रिकेत गेले, काही मुले न्यूझीलंडला, काही लोक थेट मेक्सिकोला. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोरक्या मुलांना आश्रय दिला, ती कथा आता बरीच परिचित झाली आहे. वळिवड्याची वसाहत तिच्याहून कितीतरी मोठी असूनही तिचे नाव मात्र कमी घेतले जाते. कोल्हापूरची सौम्य हवा, पंचगंगेचे पाणी आणि दाराशी रेल्वे, एवढी अनुकूलता येथे होती. कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांतून १९४३ च्या मध्यापासून कुटुंबे येथे येऊ लागली. क्षयाची बाधा झालेल्या मुलांसाठी पाचगणीला वेगळी व्यवस्था करण्यात आली.

दगडी जोत्यावर चटयांच्या भिंती आणि वर कौले, अशा लांबच लांब बराकी होत्या. पण त्यांत माणसे कोंडलेली नव्हती. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या आणि स्वतःची चूल होती. ज्या आईने दोन वर्षे रांगेत उभे राहून कोणी देईल तो पावाचा तुकडा घेतला, तिला आज काय रांधावे हे स्वतः ठरवता आले. या बारीकशा बाबीत वळिवड्याच्या मदतीचे मर्म आहे. कुटुंबाला नियमित भत्ता मिळे, त्यातून ती बाजारहाट करी. बाजारात भाजी, अंडी, कापड घेऊन बसणाऱ्या आसपासच्या विक्रेत्यांनी मोडकीतोडकी पोलिश भाषा आत्मसात केली होती. व्याकरणाचे पुस्तक न उघडता परकी भाषा शिकण्याचा हा मार्ग व्यापाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे!

वसाहतीत चर्च होते, रुग्णालय होते, नाट्यप्रयोग होत, बालवीरांची पथके होती. सर्वांत अधिक लक्ष शाळांवर होते. शिक्षक पोलिशच, शिक्षणाचे माध्यमही पोलिश. रशियात वाया गेलेली वर्षे भरून काढण्याची सर्वांनाच घाई होती, कारण युद्ध संपताच मायदेशी परतायचे, हे प्रत्येकाने गृहीत धरले होते.

या कार्याचे श्रेय एकाच्या पदरात घालणे न्याय्य होणार नाही. भूमी कोल्हापूर संस्थानाची होती. राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि गादीवर अल्पवयीन महाराज होते. खर्चाचा भार लंडनमधून चालणाऱ्या पोलिश सरकारने वाहिला, मुंबईतील पोलिश वकिलात आणि पोलिश रेडक्रॉस यांनी हात लावला, आणि अंतर्गत कारभार निर्वासितांनीच पाहिला. त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मृत्युमुखी पडत होती, हेही विसरता येत नाही. भारत तेव्हा सुस्थितीत नव्हता, स्वतंत्रही नव्हता.

युद्ध संपले, पण गृहीत धरलेले परतणे घडले नाही. याल्टाच्या परिषदेनंतर पूर्व पोलंड सोव्हिएत रशियातच राहिला. बहुतेकांची घरे त्याच भागात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वसाहतीला पोसणारा हात दुबळा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने तिची जबाबदारी घेतली. अखेर काही कुटुंबे सैनिक पती-पित्यांच्या मागोमाग इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे. थोडी पोलंडला परतली. एक तरुणी कोल्हापूरकराशी विवाह करून येथेच राहिली.

१९४८ मध्ये बराकी रिकाम्या झाल्या, त्याही फार काळ नाही. फाळणीत सिंध सोडून आलेल्या कुटुंबांना निवारा हवा होता. तो त्यांना त्याच छपरांखाली मिळाला. पुढे त्या वस्तीचे गांधीनगर झाले. बराकींच्या जागी दुकाने उठली आणि आज दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील कापड-व्यापारी घाऊक खरेदीसाठी येथे येतात.

पोलिश वास्तव्याच्या खुणा शोधाव्या लागतात. कोल्हापुरात महावीर उद्यानात १९९८ मध्ये उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. सकाळी फिरायला येणारे त्याला वळसा घालून जातात. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातही एक स्तंभ उभा राहिला. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. शहरातील ख्रिस्ती दफनभूमीत, मायदेशाची वाट पाहताना येथेच प्राण सोडलेल्या पोलिश माणसांच्या कबरी आहेत, आणि पोलंडहून येणारे पाहुणे आधी तिकडे जातात.