झेडपीच्या गुरुजींना आणि बाईंना अनावृत पत्र

प्रिय गुरुजी, प्रिय बाई,

दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग ओढणाऱ्या तुम्हा दोघांना हे पत्र. पहिलीला वजाबाकी समजावताना दुसरीला शुद्धलेखन देऊन बसवायचं, हे कसब तुम्ही वर्षानुवर्षं निभावलं आहे. मुलं दमवतात, खरंच दमवतात. पण त्या दमण्याने कुणाला नोकरी नकोशी होत नाही.

तुम्हाला पोखरतो तो खिशातला मोबाइल. 'माहिती आज तीनपर्यंत पाठवा, अत्यंत तातडीचे.' केंद्रशाळेच्या ग्रुपवर हा निरोप येतो तेव्हा फळ्यावरचं गणित अर्धं असतं. यूडायसवर शाळेची माहिती, मुलांचे अपार आयडी, आधारची पडताळणी, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, उपक्रमांचे फोटो. तीच पटसंख्या पुन्हा पुन्हा वेगळ्या लिंकवर. त्यात एकाकडे बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं, काम आलं की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. त्या दिवशी मुलं फक्त सांभाळली जातात.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) आठवड्याचे ४५ तास ठरवले, आणि पाठाची तयारीही त्यातच धरली. तुमची तयारी आता रात्री फॉर्म भरून झाल्यावर उरलीच तर होते. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून कुठलंही अशैक्षणिक काम तुम्हाला देता येत नाही. निवडणुकीचं कामही सुट्टीच्या किंवा शिकवणं नसलेल्या दिवशी द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं होतं. आणि त्याच न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या पण शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण न झालेल्या शिक्षकांपुढे दोन वर्षांत ती परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आली. अभ्यास करायचा कधी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं नोंदवली: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. मला दुसऱ्या लक्षणाची सर्वांत जास्त भीती वाटते. पोर चार दिवस आलं नाही तर पूर्वी तुम्ही त्याच्या घरी जात होता. आता हजेरीत 'गैरहजर' लिहून पुढचं नाव घेता. हा आळस नव्हे. तुमच्यातलं मूळ माणूसपण खर्ची पडतं आहे, आणि त्यावर तणावमुक्तीचं व्याख्यान हा उपाय नाही. केंद्रावर माहिती भरणारा एक माणूस नेमणं, हा आहे.

तोवर एक करा. कुठल्या दिवशी कुठल्या कामासाठी वर्ग सुटला, याची तारीखवार नोंद ठेवा आणि ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बुडालेला तास त्यांच्याच मुलांचा असतो. पालकांनो, ती नोंद मागून घ्या, ठराव करा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. ही तक्रार गुरुजींनी एकट्याने करायची नाही.

आपला,
एक पालक