पडक्या घरात सापडलेली सिंफनी

तिसरी पाळी सुटली तरी तासभर कानात साचेच फिरत असतात. रिंगफ्रेम खात्यातल्या कुणालाही विचारा. अशाच एका सकाळी गेटसमोरच्या टपरीवर दोस्तानं मोबाइल माझ्या कानाला लावला. म्हणाला, "ऐक, काळ्या बाईची सिंफनी हाय." सिंफनी कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. शाळा नववीतच सुटलेली. पण तिसऱ्या भागात ठेका आला आणि माझी बोटं बाकड्यावर आपोआप चालायला लागली.

तो जुबा नाच. मालकांनी ढोल बंद केले तेव्हा गुलामांनी मांडी, छाती, तळहात बडवून धरलेला ठेका. बाईनं तो सरळ गोऱ्यांच्या वाद्यवृंदात नेऊन बसवला. माझ्या आज्यानं गावकीची कामं टाकली तेव्हा वाजवणंही टाकलं. बरंच केलं. लग्नात वाजवायचं आणि जेवायला उकिरड्याकडेला बसायचं, असलं वाजवणं काय कामाचं? पण ठेका बोटांत राहिलाच की.

फ्लोरेन्स प्राइस तिचं नाव. जन्म १८८७, अमेरिकेतलं लिटल रॉक. बाप दातांचा डॉक्टर, म्हणजे घर उपाशी नव्हतं. तरी बोस्टनच्या संगीतशाळेत घालताना आईनं पोरीचं गाव मेक्सिकोतलं लावलं. मित्रांनो, शहरात भाड्याची खोली बघताना आडनाव गिळलंय कधी? मी गिळलंय. त्या आईला मी नावं ठेवणार नाही.

१९०६ साली ती शिकून बाहेर पडली. लिटल रॉकमध्ये काळ्यांवरचे अत्याचार वाढले, तसं १९२७ ला बिऱ्हाड शिकागोला हललं. काडीमोड, दोन पोरी, पोटासाठी मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवणं. १९३२ साली वानामेकर स्पर्धेत तिच्या ई मायनर सिंफनीला पहिलं बक्षीस, ५०० डॉलर. १५ जून १९३३ ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं ती वाजवली. अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदानं काळ्या बाईची सिंफनी वाजवण्याची ती पहिलीच वेळ.

आता वाटेल, झालं, मानलं तिला. कुठलं!

१९४३ साली, छप्पन वर्षांची ही बाई बोस्टनच्या वाद्यवृंदाचा संचालक सर्गेई कुसेविट्स्की याला पत्र लिहिते. ज्या बोस्टनमध्ये शिकली त्याच बोस्टनला. सुरुवातीलाच सांगून टाकते की मला दोन अडचणी आहेत, एक बाई असणं, दुसरी काळी असणं. सवलत नको, स्वरलिपी बघा आणि गुणांवर ठरवा. आधीही तिनं त्याला पत्रं लिहिली होती. त्यानं तिचं काही वाजवलं नाही.

आमच्या बैठकीत मी हे सांगितलं, तर एक साथी भडकला. "ही तर भीक. गोऱ्याच्या दारात जायचंच कशाला?" १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव काळ्यांच्या लढ्यातून घेतलं, त्यांचे कवी आपण वाचतो, सिंफनी मात्र आपल्याला परकी वाटते. मी तेव्हा गप्प बसलो. खरं सांगू? माझ्या ट्रंकेत एक पाकीट आहे. एका मोठ्या मासिकाच्या संपादकानं कविता परत पाठवल्या, सोबत चिठ्ठी: अनुभव दाहक आहे. बस्स. कवितेबद्दल एक अक्षर नाही. साल्यानं माझ्या जगण्याला मार्क दिले, कविता तपासलीच नाही. तेव्हापासून मला ते पत्र भीक वाटत नाही. भिकारी दया मागतो. तिनं दयाच नको म्हटली होती.

१९५३ ला ती वारली. २००९ साली इलिनॉयमधल्या सेंट ॲन गावी एक ओसाड घर कुणीतरी विकत घेतलं. झाड कोसळून छप्पर फुटलेलं. कोरड्या राहिलेल्या भागात कागदांचे ढीग. उन्हाळ्यात ती तिथं राहायची. त्या ढिगात व्हायोलिनच्या दोन रचना होत्या, चौथी सिंफनी होती. ती १९४५ ची सिंफनी पहिल्यांदा वाजली २०१८ साली. २०२२ ला पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीच्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. बाई जाऊन ६९ वर्षं झाली होती. मला आनंद झाला आणि चीडही आली, आणि चीड जास्त.

झाड चार हात इकडं पडलं असतं तर?

आमचं घर पावसाळ्यात गळतं. माझ्या कविता खात्यातल्या रिपोर्टांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलेल्या. काल पोटमाळ्यावरून ट्रंक खाली घेतली, सगळे कागद प्लास्टिकमध्ये बांधले. आई विचारत होती, रद्दीला एवढं काय बांधतोस. संपादकाची चिठ्ठीपण त्यातच ठेवलीय.