एरंडेलाचा वास

भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आदल्या दिवशीचा मोठा पोळा फुटून गेल्यावर, यवतमाळच्या गल्लीबोळांतून चाकांवर बसवलेले लाकडी नंदी ओढीत मुले निघतात, दारोदारी त्या नंदींना ओवाळले जाते, बोजाऱ्याचे, म्हणजे ओवाळणीचे, पैसे मुलांच्या मुठीत पडतात, आणि सागवानी चाकांची ती खडखड दिवेलागणीपर्यंत थांबत नाही. गेल्या वर्षी त्याच दिवशी दुपारी, ती खडखड कानांत असतानाच, माझा भाचा मला गावाबाहेरच्या एका जिनिंगच्या आवारात घेऊन गेला. हंगामाला अजून अवकाश होता. दिवाळीनंतर जेथे कापसाच्या गंज्या लागतात आणि गाड्यांची रांग फाटकातून सडकेपर्यंत पोचते, ती विस्तीर्ण सिमेंटची फरशी सकाळच्या सरीने ओलसर होऊन निर्मनुष्य पडली होती. भाच्याने पेटीतून एक मोटार काढून फरशीवर ठेवली. खऱ्या मोटारीच्या एकदशांश प्रमाणाची, हातभर लांबीची, आणि तिच्या पोटात विजेची बॅटरी नव्हे तर खरोखरीचे इंजिन.

त्या इंजिनाचा तपशील मी त्याच्याकडून बारकाईने ऐकून घेतला. त्याच्या नळकांड्याची धारणा अडीच घनसेंटिमीटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या चमच्याएवढी. परंतु तेवढ्याशा पोकळीत दट्ट्या मिनिटाला तीस हजार वेळा खालीवर होऊ शकतो. त्यात ठिणगी पाडणारी यंत्रणा नाही. प्लॅटिनमच्या तारेचे एक सूक्ष्म वेटोळे प्रथम दीड व्होल्टच्या सेलने तापवून लाल करायचे, दोरी खेचून इंजिन चालू झाले की सेल काढून घ्यायचा, आणि मग मेथॅनॉलची वाफ त्या तप्त प्लॅटिनमला स्पर्श करीत राहते तोवर ते वेटोळे आपल्याच आचेने धगधगत राहते. १९४७ साली रे आर्डेन नावाच्या अमेरिकन कारागिराने असले प्लग बाजारात आणले आणि लहान इंजिनांच्या अंगावरून ठिणगीच्या सरंजामाचे ओझे उतरले. मेथॅनॉलात नायट्रोमिथेन मिसळतात ते याकरिता, की त्या द्रव्याच्या रेणूतच प्राणवायू असतो, आणि इंजिनाला एका श्वासात अधिक इंधन जाळता येते. हे मिश्रण ज्वालाग्राही असल्याने टपालाने मागवण्याची सोय नाही. भाच्याला पुण्याहून येताना त्याची स्वतंत्र तजवीज करावी लागते. शिवाय मेथॅनॉलची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून ओल्या फडक्याची घडी भाच्याने आधीच हाताशी ठेवली होती.

त्याने दोरी तीनदा ओढली. चौथ्या हिसक्याला इंजिन असे काही किंचाळले की फाटकाजवळच्या कडुनिंबावरचे पक्षी उडून गेले, निळसर पांढऱ्या धुराचा एक पदर ओल्या फरशीवर पसरला, आणि माझे पाय जागच्या जागी थबकले.

“मामा, वास घ्या न जरा,” तो म्हणाला. “वळखला का?”

ओळखला होता. जळत्या एरंडेलाचा वास होता तो.

आमच्या आजोबांच्या बंडीच्या आसाखाली वंगणाची एक नळी टांगलेली असे. कापूस भरून यवतमाळच्या बाजाराला निघण्याच्या आदल्या रात्री, कंदिलाच्या उजेडात, ते चाक काढून आसाला वंगण देत. एरंडेलात काजळी खलून केलेले ते काळेभोर, चिकट, जड वासाचे वंगण काडीने लावताना त्यांचा चेहरा देवपूजेला बसल्यासारखा शांत असे. तेच एरंडेल या परदेशी यंत्राच्या इंधनात का, याचे उत्तर भाच्याने दिले तेव्हा मला मोठा आनंद झाला. खनिज तेल मेथॅनॉलात विरघळत नाही, एरंडेल विरघळते; आणि इंजिन प्रमाणाबाहेर तापले तरी त्याचा पातळ थर धातूला धरून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनेसुद्धा याच तेलावर चालत. आता संश्लेषित तेले आली आहेत, पुष्कळ शौकीन तीच वापरतात. भाचा मात्र दोहोंचे मिश्रण असलेलेच इंधन घेतो.

यानंतर भाच्याच्या हातातल्या बिनतारी नियंत्रकाच्या इशाऱ्यावर ती मोटार धावू लागली, आणि धावू लागली असे म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण तिचे सारे सौंदर्य घसरण्यात होते. तिच्या चाकांना रबर नव्हते; ओलिताच्या पी.व्ही.सी. पाइपाची कडी कापून ती चढवलेली होती, जेणेकरून फरशीची पकड मुद्दामच सुटावी. वळणावर मागचा भाग बाहेर झुकतो, पुढची चाके वळणाच्या विरुद्ध दिशेला वळवावी लागतात, आणि मोटार तिरकी होऊन, जणू खांद्याने वाट काढीत, धुराची कमान मागे ठेवून पुढे सरकते. जपानच्या घाटरस्त्यांवर वाढलेली ही ड्रिफ्टची विद्या काळ्या मातीच्या मुलखाला अगदीच परकी नाही. पावसाळ्यात निसरड्या उतारावर बंडीचे मागले अंग सरकू लागले की कासरा कोणत्या बैलाचा खेचायचा आणि कोणाचा सैल सोडायचा, हे ज्याला उमगते तोच धुरकरी.

आमच्याकडचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, सेकंदांवर मोजला जातो. तळेगाव दशासरच्या पटात जोडी सुटताना मी श्वास रोखून उभा राहिलो आहे, आणि २०१४ साली न्यायालयाने शर्यतींना मनाई केल्यावर २०२३ साली घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरीपर्यंतची बैलवाल्यांची घालमेल मी पाहिली आहे. ड्रिफ्टचा निवाडा घड्याळ करीत नाही. वळणाची रेषा, तिरकेपणाचा कोन आणि चालवणाऱ्याची ऐट पाहून परीक्षक तो करतात. बहुतेक शौकीन आता विजेच्या मोटारींकडे वळले आहेत, कारण विजेचा हुकूम चाकापर्यंत तत्काळ पोचतो, आणि नायट्रोच्या इंजिनात क्लच पकड घेईपर्यंत क्षणार्ध जातो. त्या क्षणार्धाचा अदमास हातानेच बांधावा लागतो. पावसाळी दमट हवेत प्राणवायूचा अंश किंचित घटतो, म्हणून कार्ब्युरेटरची सुई पाव आट्यापेक्षाही कमी आवळायची, धुराचा रंग पाहायचा, आवाजाची पट्टी ऐकायची. मला विचाराल तर या मोटारीचे इमान तेथेच आहे. कानाने चालणारे यंत्र माणसाला जवळ बोलावते.

दुरून बिनतारी चालवण्याची ही करामतही जुनीच: निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक छोटी नौका बिनतारी संदेशाने फिरवून दाखवली. तान्हा पोळा त्याहून जुना. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला असे परंपरा सांगते. मोठ्या वस्तूची लहान प्रतिकृती म्हणजे पोराटोरांची नक्कल, असे मानणाऱ्यांशी माझे कधी जमले नाही. खरा बैल पोराच्या कह्यात येत नाही, खरी मोटार कारखान्याबाहेर कोणाला आतून ठाऊक नसते. परंतु जे दोन तळहातांत मावते त्याची निगा माणूस संपूर्णपणे, शेवटच्या खिळ्यापर्यंत, एकटा राखू शकतो.

टाकीतले पाऊण कप इंधन दहाएक मिनिटांत संपले. मग भाच्याने जे केले ते पाहताना मला पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी आठवली, वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी चोळून ज्या हळुवारपणे शेकतात तो हळुवारपणा आठवला. मेथॅनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि आतल्या पोलादाला गंज चढतो, म्हणून त्याने नळीत उरलेले इंधन जाळून टाकले, प्लग काढला, त्या छिद्रात तेलाचे चार थेंब सोडले आणि दोरी अगदी सावकाश, दोनदा ओढली. इंजिनाच्या एकेका पात्यामधली धूळ त्याने ब्रशने झाडली.

एवढ्यात फाटकातून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आपला नंदी ओढीत आत आला. नंदीच्या शिंगांना बेगड होती, गळ्यात घुंगरू होते, आणि मागचे एक चाक करकरत होते.

“बोजारा द्या न, भाऊ.”

भाच्याने खिशातून दहाची नोट काढून दिली, मग नंदी उचलून उलटा केला आणि हातातल्या कुपीतला एक थेंब त्या लाकडी आसावर सोडला. चाक बोटाने फिरवून पाहिले. मुलाने वाकून तो थेंब हुंगला, आणि नंदी ओढीत तो फाटकाबाहेर गेला.